सुईताई आणि डबीचा रस्ता

सुईताईचा हात हलका होता. इतका हलका, की सुई टोचून झाली, बाटली भरली, वर कापूस दाबून धरला, तरी काही माणसं डोळे घट्ट मिटूनच विचारायची, "टोचलीत का हो?"

"केव्हाच. उघडा आता डोळे," ती म्हणायची आणि बाटलीवर नाव लिहायला घ्यायची.

सकाळी सहाला घराबाहेर पडायचं, लोकांच्या घरी जाऊन रक्त घ्यायचं आणि दहाच्या आत सगळ्या बाटल्या प्रयोगशाळेत पोचवायच्या, हे तिचं काम. कुणाच्या तरी नातवानं तिला पहिल्यांदा 'सुईताई' म्हटलं, ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. खरं नाव हजेरीच्या यादीत तेवढं उरलं.

वय सत्तेचाळीस. त्यातली चौदा वर्षं तिनं एका मोठ्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काढली होती. माणसं उचलायची, कुशीवर वळवायची, चादरी बदलायच्या. रक्त घ्यायला तिथल्याच एका सिस्टरनं शिकवलं. मग एक दिवस पाठीनं असहकार पुकारला आणि डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे वजन उचलायचं नाही. वॉर्डात वजन न उचलणारी मदतनीस काय कामाची? तेव्हा प्रयोगशाळेला घरोघर जाऊन रक्त घेणारी माणसं हवी होती. अट एकच, गाडी स्वतःची पाहिजे. सुईताईनं बेचाळिसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकून घेतली. नवरा शेजारी बसायचा, हँडब्रेकवर हात ठेवून, एक शब्द न बोलता. तो छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर होता. बोटं शाबूत ठेवायची तर गप्प राहायचं, ही त्याची तिथली सवय घरीही चालायची.

जुनी, राखाडी रंगाची छोटी गाडी घेतली. पहिली तीन वर्षं छान गेली. रोजची दहा-बारा घरं. कुठे आधी जायचं, कुठे नंतर, हे सुईताईच ठरवायची. साखरेचे पेशंट सगळ्यात आधी, कारण ते उपाशी बसलेले. मग कामावर जाणारे. मग ज्यांना वेळच वेळ असतो ते. कुणाची घंटा बिघडलेली आहे, कुणाचा कुत्रा बांधायला सांगावं लागतं, कुणाची शीर डाव्या हाताला बरी सापडते, हे सगळं तिच्या अंगवळणी पडलं होतं. पेट्रोलचे पैसे कंपनी गाडीच्या काट्यावरून द्यायची. कुणी कधी विचारलं नाही.

मग पेट्रोल महागलं. पहिल्यांदा महागलं तेव्हा लोक पंपावर तावातावानं बोलले. दुसऱ्यांदा नुसतेच हसले. तिसऱ्यांदा कुणी काहीच बोललं नाही, 'टाकी भरा' म्हणायचं मात्र बंद झालं. लोक थोडं थोडं घालून घेऊ लागले आणि घालताना नळीकडे न बघता आकड्याकडे बघू लागले.

त्याच महिन्यात कंपनीनं सगळ्या सुईवाल्यांना बोलावून प्रत्येकाच्या हातात एक डबी ठेवली. तळहाताएवढी, काळी, समोर काच. गाडीच्या पुढच्या काचेला चिकटवायची. सकाळी सहाला ती सुरू व्हायची, दिवसाची सगळी घरं तिच्यात आधीच भरलेली असायची आणि कुठून कुठे जायचं ते ती बोलून सांगायची. आवाज बाईचा. गोड, पण माघार न घेणारा.

"सगळ्यात कमी पेट्रोल लागेल असा रस्ता ही काढून देते," फेरीसाहेब म्हणाले होते. रोजच्या फेऱ्या लावायचं काम त्यांच्याकडे होतं म्हणून सगळे त्यांना फेरीसाहेब म्हणत. तिशीचा माणूस, पण केस पांढरे व्हायला लागलेले. "यापुढे पेट्रोल मिळणार ते डबीनं दाखवलेल्या रस्त्याचंच. रस्ता सोडलात तर तेवढं तुमच्या खिशातून. आणि आठवड्यात तीनदा सोडलात तर पुढच्या आठवड्यात फेऱ्या निम्म्या."

"आणि रस्त्यात खोदून ठेवलं असेल तर?" कुणीतरी विचारलं.

"फॉर्म भरा," फेरीसाहेब म्हणाले.

सुईताईच्या नवऱ्याला बहीण नव्हती. नणंद काय चीज असते ते तिनं मैत्रिणींकडून नुसतं ऐकलं होतं. आता सकाळचे चार तास ती काचेला चिकटून समोर बसू लागली. 'तीनशे मीटरवर उजवीकडे वळा.' 'आपण रस्ता सोडला आहे.' 'शक्य होताच मागे वळा.' दुसऱ्याच आठवड्यात सुईताई तिच्याशी बोलायला लागली. "हो वन्सं, वळते. अहो, पण समोरून ट्रक येतोय, वन्सं, त्याला काय सांगू?" घरी आल्यावर नवरा चपला काढता काढता विचारायचा, "आज काय म्हणाल्या वन्सं?" हसण्यावारी न्यायची ही सोय तिनं करून ठेवली होती, कारण न हसता ते चार तास निघत नव्हते. पूर्वी गाडीत बसलं की दार लावून घेतल्यासारखं वाटायचं, आत आपण एकटे आणि रस्ता आपला. आता कुणीतरी मानेवर हात ठेवून चालवतंय असं वाटायचं. रस्त्याकडेला क्षणभर थांबून पाणी प्यायची तरी चोरी. 'आपण थांबला आहात. प्रवास सुरू ठेवा.'

रस्त्याचं तिनं सोसलं असतं. क्रमाचं तिला सोसवेना. डबीला घरं कळत, माणसं कळत नसत. जे घर जवळ ते आधी, जे लांब ते शेवटी. त्यामुळे पडदेवाल्या आजी यादीत शेवटी गेल्या.

पडदेवाल्या आजींनी आयुष्यभर पडदे शिवले. आता ऐंशीच्या घरात, एकट्या, दोन खोल्या आणि शिवणयंत्र. साखर जुनी आणि लहरी. पूर्वी महिन्यातून दोनदा सुईताई साडेसहाला त्यांच्या दारात असायची. सातला आजी न्याहारीला मोकळ्या. आता त्यांची वेळ आली पावणेदहाची.

सुईताईनं फेरीसाहेबांना फोन केला होता. "साहेब, त्या बाई ऐंशीच्या आहेत. पावणेदहापर्यंत उपाशी कशा राहतील? त्यांना पहिलं लावा."

"ताई, मी लावत नाही, यंत्र लावतं."

"मग यंत्राला सांगा ना."

"काय सांगू? वय टाकायला त्यात जागाच नाही. पत्ता आणि बाटल्या किती, एवढंच विचारतं ते."

एकदा सुईताई नाद सोडून सरळ आजींकडे आधी गेली. 'आपण रस्ता सोडला आहे,' वन्सं सबंध रस्ताभर बजावत राहिल्या. रस्ता सोडल्याची एक खूण तिच्या नावावर पडली. पुढच्या खेपेला ते जमलं नाही, कारण त्या आठवड्यात आधीच दोन खुणा पडल्या होत्या. त्या दोन्ही बोळाच्या.

हा बोळ दोन मोठ्या रस्त्यांच्या मधे होता. एका बाजूला गोदामाची लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला घरांच्या पाठी. बोळातून गेलं तर अडीच किलोमीटर वाचत, म्हणून डबीला तो भारी आवडायचा. पण मधल्या एका घरमालकानं गेल्या वर्षी आपली भिंत हातभर पुढे सरकवली होती आणि ती बातमी डबीपर्यंत पोचली नव्हती. आरसे मिटून, श्वास रोखून सुईताईची गाडी जेमतेम निघायची. तिनं फॉर्म भरला. उत्तर आलं नाही. सोमवारी आणि बुधवारी ती लांबच्या रस्त्यानं गेली, दोन खुणा पडल्या. गुरुवारी आजींची पाळी होती. नवऱ्याच्या छापखान्यात तेव्हा आठवड्यातले तीनच दिवस काम निघत होतं. फेऱ्या निम्म्या होऊन चालणार नव्हतं.

गुरुवारी साडेनऊला ती बोळाच्या तोंडाशी उभी राहिली. मागच्या सीटवर थंड पेटीत सात घरांच्या बाटल्या. पुढे फक्त आजी. त्यांना 'फार उशीर नाही करत' असं सांगून ठेवलेलं.

'सरळ पुढे जा,' डबी म्हणाली.

"जाते बाई," सुईताई म्हणाली. आरसे मिटले आणि पहिल्या गिअरमधे गाडी आत घातली.

सरकवलेल्या भिंतीपाशी आली तेव्हा तिला दिसलं, की गच्चीवरून एक नवा लोखंडी पाइप खाली सोडलाय आणि तो जाड पट्ट्यांनी भिंतीला ठोकलाय. परवापर्यंत नव्हता. तिनं ब्रेक दाबला, पण गाडीचं नाक पाइपाला लागून पुढे गेलं होतं. मागे घ्यावी म्हणून तिनं चाक थोडं वळवलं, तर कर्रकन आवाज आला आणि पुढच्या चाकावरच्या पत्र्यात खालची पट्टी घुसली. पुढे घेतली तर उजवं अंग गोदामाच्या भिंतीला घासलं. मागे घेतली तर पट्टी आणखी आत गेली. तिनं तीनदा करून पाहिलं. चौथ्यांदा इंजिन बंद पडलं.

दार उघडलं. चार बोटं उघडलं, भिंतीला लागलं. दुसरं दार तेवढंही नाही. काच खाली केली. हात बाहेर गेला, खांदा जाईना. समोर तोंडापाशी उजेडाची एक उभी पट्टी, मागेही तशीच. दोन्हीकडून भिंतीचा गारवा येत होता आणि तरी तिला घाम फुटला. बसल्या जागी तिला वाटलं, आपण वॉर्डातल्या त्या पलंगांवरच्या माणसांसारख्या झालो. कुणीतरी येऊन वळवेपर्यंत वळायचं नाही.

'सरळ पुढे जा,' डबी म्हणाली. मग थोड्या वेळानं, 'आपण थांबला आहात. प्रवास सुरू ठेवा.'

सुईताईनं फेरीसाहेबांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ओढायची गाडी पाठवतो. दीड-दोन तास लागतील. तोवर हलू नका, ताई. बाटल्या कंपनीच्या ताब्यातल्या आहेत, त्या सोडून जायचं नाही, नियम आहे."

"हलू कशी? मी भिंतीत आहे, साहेब! ते राहू दे. आजींकडे दुसरं कुणी पाठवता?"

पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज आला. "सगळे आपापल्या रस्त्यावर आहेत. तुमच्या जवळ कुणी नाही."

मग तिनं आजींना फोन केला.

"अगं, मी काय पळून जातेय का? ये सावकाश," आजी म्हणाल्या.

"आजी, सकाळची गोळी घेतलीत का?"

"घेतली की, सातला. गोळीची वेळ मी कधी चुकवत नाही."

"अहो, रक्त द्यायच्या दिवशी आधी गोळी घ्यायची नाही, सांगितलं होतं ना मी? पोटात काहीच नाही आणि गोळी घेतलीत! आत्ताच्या आत्ता चमचाभर साखर खा."

"आणि मग रक्त? परवा डॉक्टरकडे जायचंय. साखर खाल्ली तर सगळंच वाया. मी थांबते गं. इतकी वर्षं थांबतेय."

"आजी, माझं ऐका—"

आजींनी फोन ठेवून दिला होता. त्यांना फोनवर फार वेळ बोलायला आवडत नसे.

वीस मिनिटांनी सुईताईनं पुन्हा लावला. आजींनी उचलला, पण शब्द जड येत होते. "कोण? कापड अजून... कापड आलं नाही," असं काहीतरी म्हणाल्या. तिसऱ्यांदा लावला तेव्हा घंटा वाजत राहिली. चौथ्यांदाही. तिनं रुग्णवाहिकेला फोन केला, पत्ता सांगितला. "गाडी मोकळी झाली की पाठवतो," असं उत्तर मिळालं. नवऱ्याला केला. मागे यंत्राचा खणखणाट, त्याला अर्धं ऐकू आलं. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. "काच फोड," तो ओरडला, "पुढची काच फोड!" पण फोडायला हातात होतं काय? सुया आणि कापूस. तिनं पायातल्या चपलेनं काचेवर दोन तडाखे मारले. काच हलली देखील नाही.

तिनं हॉर्नवर हात दाबून धरला. ओरडून घसा बसला असता, हॉर्न तरी दमणार नव्हता.

बऱ्याच वेळानं वरून आवाज आला. "अहो! अहो बाई! माझा पाइप!"

गच्चीच्या कठड्यावरून एक गोल चेहरा खाली बघत होता. अंगात बनियन, हातात रंगाचा ब्रश.

"काका, खाली या! मला बाहेर काढा!"

"कालच बसवलाय तो पाइप! रंगसुद्धा वाळला नाही! इथून गाडी जाते का? डोळे आहेत का नाहीत?"

"डोळे आहेत हो! मला माहीत होतं, नाही जात!"

"माहीत होतं? मग घातलीत कशाला?"

या प्रश्नाला सुईताईकडे उत्तर होतं, पण ते सांगत बसायला वेळ नव्हता. ती काचेच्या फटीतून तोंड वर करून एवढंच म्हणाली, "काका, इथून तीन गल्ल्या सोडून एक ऐंशीची बाई आहे. तिची साखर उतरलीय, ती फोन उचलत नाही. माझ्याकडे तिचा इलाज आहे, साधी साखर, आणि मी इथे अडकलेय. पाइपाबद्दल मला मागून हव्या तेवढ्या शिव्या द्या. आधी डिकी उघडा."

चेहरा कठड्यावरून नाहीसा झाला. गेला, असं तिला वाटलं. ती पाच मिनिटं आयुष्यातली सगळ्यात वाईट होती, असं ती पुढे सांगायची. आजींची दोन खोल्यांची जागा तिला डोळ्यांपुढे स्वच्छ दिसत होती. यंत्रापाशी स्टूल, स्टूलाला पाठ नाही. पडल्या तर सरळ फरशीवर.

मग गाडीच्या मागून काका बोलले. धापा टाकत होते. सगळ्या गल्लीला वळसा घालून आले होते. "किल्ली द्या!"

डिकी आतून उघडायची तार केव्हाच तुटली होती, बाहेरून किल्लीनंच उघडायची. सुईताईनं हात खिडकीबाहेर काढला, कोपर टपावर टेकवलं आणि किल्ली अंदाजानं मागे भिरकावली. ती टपावर घसरत गेली आणि खाली पडल्याचा आवाज आला. "सापडली!" काका ओरडले.

तिनं पेटीवरचं झाकण नीट दाबलं. हातात सुया-बाटल्यांची पिशवी घेतली, मग ती ठेवून दिली आणि फक्त साखरेची पुडी उचलली, जी ती साखरवाल्या पेशंटसाठी कायम बाळगायची. 'बाटल्या सोडून जायचं नाही.' ते वाक्य कानात होतं. पुढच्या दोन सीटांच्या मधून ती मागे सरकली, पेटी पुढच्या सीटवर ठेवून मागची सीट पाडली, पाठ कळवळली. डिकीच्या तोंडाशी उजेड आणि काकांचे रंगानं माखलेले हात.

"द्या हात. संकोच करू नका, मला तीन बहिणी आहेत."

त्यांनी ओढलं, ती बाहेर पडली, गुडघ्यावर आली, उठली आणि पळाली. सत्तेचाळीस वर्षांची बाई, हिरवा रंग लागलेले हात, एक चप्पल पायात आणि एक गाडीत. आजींच्या घरापर्यंत सात मिनिटं लागायची. तिला चार लागली असतील.

आजी तिच्यासाठी दार नेहमी नुसतं लोटून ठेवायच्या. आत त्या यंत्राच्या पायाला टेकून फरशीवर बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक, अंग घामानं चिंब, बोटं हवेत काहीतरी चाचपत होती.

"कुठल्या खिडकीचा?" त्यांनी सुईताईला विचारलं. "माप कुठल्या खिडकीचं आणलंस?"

"मोठ्या खिडकीचं," सुईताई म्हणाली. पेल्यात पाणी, पाण्यात सगळी पुडी. मान हातावर घेतली, पेला ओठांना लावला. "प्या. गिळा बघू. अजून एक घोट."

चौदा वर्षं तिनं अशा माना हातावर घेतल्या होत्या. पाठीचं तिला नंतर कळलं. पंधरा-वीस मिनिटांनी आजींच्या डोळ्यांत ओळख आली. त्यांनी सुईताईला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुझी एक चप्पल कुठाय?"

"गाडीत."

"आणि गाडी?"

"भिंतीत."

आजींना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी बाही वर केली. "बरं, रक्त घे."

"आता काय घ्यायचं त्यात? साखर पोटात गेली," सुईताई म्हणाली आणि आजींच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. आजी तिचे केस सारखे करत राहिल्या, कापडाची सुरकुती काढावी तसे. थोड्या वेळानं रुग्णवाहिका आली. त्यांनी आजींना तपासलं, आता बरं आहे, पण आज एकटं ठेवू नका, असं सांगून गेले. शेजारच्या बाईंना बसवून सुईताई बोळाकडे परतली.

पाइपवाल्या काकांनी तोवर करवतीनं स्वतःच्याच पाइपाच्या दोन पट्ट्या कापल्या होत्या. ओढायच्या गाडीवाल्यांनी मागून खेचली आणि गाडी सुटली. डाव्या अंगाला नाकापासून शेपटापर्यंत एक ओरखडा. "शिव्या उधार ठेवतो," काका म्हणाले. "आजी कशी आहे?"

"बसलीय उठून."

"मग झालं," म्हणून ते शिडी घेऊन गेले.

बाटल्या प्रयोगशाळेत पोचल्या तेव्हा साडेबारा वाजले होते. सातही घरांचं रक्त वाया गेलं.

दुसऱ्या दिवशी फेरीसाहेबांनी तिला ऑफिसात बोलावलं आणि एक कागद पुढे केला. खोळंबा कशामुळे झाला, असा प्रश्न आणि खाली तीन चौकोन. गाडीत बिघाड. हवामान. चालकाची चूक.

"यात खूण करा आणि सही करा."

सुईताईनं कागद वाचला. "रस्ता चुकीचा दाखवला, असा चौकोन नाही."

"नाही."

"आणि पेशंटचा जीव धोक्यात होता, असा?"

"ताई, तिसऱ्यावर करा. नुसती ताकीद मिळेल, मी बघतो. काहीच केलं नाहीत तर कागद वर जाईल आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही."

"आता तरी काय आहे तुमच्या हातात?"

ती रागानं बोलली नव्हती, तिला खरंच विचारायचं होतं. फेरीसाहेबांनी समोरचा संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर बत्तीस गाड्यांचे बत्तीस ठिपके सरकत होते आणि कोपऱ्यात लाल रंगात एक आकडा होता. "हा माझा. तुमच्यापैकी कुणीही रस्ता सोडला, की हा घसरतो. महिनाअखेरीला ठरावीक आकड्याच्या खाली गेला, तर या खुर्चीत दुसरा माणूस. बाथरूमला जातानाही मी याच्याकडे बघून जातो."

सुईताईला एकदम त्यांच्या पांढऱ्या केसांचा अर्थ लागला. तिला त्यांची दया आली आणि दया आल्याचा रागही आला. तिनं पेन घेतलं. तिन्ही चौकोन रिकामे ठेवले आणि खाली समासात, जिथे काहीच लिहायचं नसतं तिथे, सरळ अक्षरात लिहिलं: 'बोळ अरुंद आहे हे मी आधी कळवलं होतं. उपाशी म्हाताऱ्या बाईला शेवटी ठेवू नका हेही कळवलं होतं. बाटल्या मी सोडून गेले. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा जाईन.' आणि सही केली, खऱ्या नावानं.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. "काढतील?" त्यानं विचारलं.

"काय माहीत. दुसऱ्या दोन प्रयोगशाळांत विचारून आले. त्यांच्याकडेही डब्याच आहेत."

तो उठला, तिच्या पाठीला लावायचं मलम घेऊन आला आणि चोळत बसला.

त्या सात घरी तिला पुन्हा जावं लागलं. दार उघडल्यावर आधी माफी, मग सुई. सहा जणांनी ऐकून घेतलं. एका बाईंनी उलट तिलाच खुर्चीवर बसवून पाणी दिलं. सातवे गृहस्थ मात्र दारातच अडून राहिले. "माझं रक्त काय रस्त्यावर सांडायला आहे? तुमची गाडी अडकते, त्यात माझा काय दोष?"

"तुमचा काहीच दोष नाही," ती म्हणाली. "बाही वर करा."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. बोळ डबीच्या रस्त्यांतून काढून टाकला होता. सुईताईला सक्त ताकीद. बाटल्यांची जबाबदारी तिची होती, असं दोनदा लिहिलं होतं. आजींबद्दल अवाक्षर नव्हतं, आणि घरांचा क्रम होता तसाच राहिला.

पेट्रोल त्यानंतर आणखी एकदा वाढलं. सुईताईनं एका वहीत पाच नावं लिहिली, सगळी म्हातारी, सगळी साखरवाली. ज्या दिवशी त्यांतल्या कुणाची पाळी असे, त्या दिवशी ती पाचला उठू लागली. डबी सुरू व्हायच्या आत, स्वतःच्या पेट्रोलवर, आपल्या माहितीच्या रस्त्यानं जाऊन ती रक्त घेऊन यायची. मग सहाला कंपनीचा दिवस सुरू व्हायचा. डबी तिला यादीप्रमाणे शेवटी त्या दारापाशी नेऊन उभी करायची आणि सुईताई क्षणभर थांबून, आत न जाताच, पुढे निघायची. एकाच घराच्या दोन चकरा. हे शहाणपणाचं नव्हतं, तिलाही कळत होतं. नवरा एकदाच म्हणाला, "म्हणजे काम करायला आपणच पेट्रोल घालायचं?" ती म्हणाली, "सध्या तरी." पुढे त्यानं तो विषय काढला नाही. फक्त त्या दिवशी तोही पाचला उठून चहा ठेवायचा.

एका सकाळी, साडेपाच वाजले असतील, ती आजींच्या गल्लीतून बाहेर पडत होती तेव्हा फोन वाजला. फेरीसाहेब.

"ताई, तुम्ही रोज लिहून देता तो गाडीचा काटा आणि डबीचा हिशेब जुळत नाही. महिनाभर बघतोय. सहाच्या आधी गाडी कुठेतरी फिरते."

सुईताईनं गाडी कडेला घेतली. "गाडी माझी आहे, साहेब. पेट्रोल माझं. आणि सहा अजून वाजायचेत."

फेरीसाहेबांनी घरूनच फोन केला असावा, पलीकडे कुठेतरी नळ वाहत होता.

"माझी आजीही त्या बाईंच्याच वयाची आहे," ते म्हणाले. "बरं. मी फोन केला नव्हता असं समजा."

फोन बंद झाला. सुईताईनं आजींची बाटली पुन्हा एकदा हातात घेऊन नाव नीट लिहिलंय ना ते बघितलं, थंड पेटीत ठेवली आणि सहा वाजायची वाट बघत तशीच कडेला बसून राहिली.